मोहोर शाबूत आहे, पण कधीपासून?

१९८९ च्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा मी पश्चिम ओडिशातील एका उपविभागात उपजिल्हाधिकारी होतो. मतमोजणीच्या दिवशी दुपारी एका टेबलावर अचानक आवाज चढले. मतपेटीवरील कागदी मोहोरेचा क्रमांक आणि मतदान केंद्राध्यक्षाने आपल्या नोंदीत लिहिलेला क्रमांक जुळत नव्हता. शेवटचे दोन अंक उलटसुलट झाले होते. मागे पडत चाललेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने पेटीच बदलल्याचा आरोप केला. मी मोहोर निरखली, तिच्यावरील सह्या पाहिल्या. पण माझ्या शब्दावर त्या क्षणी कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात प्रतिस्पर्धी पक्षाच्या एका वयस्कर प्रतिनिधीने कनवटीतून चुरगळलेला कागद काढला. मतदानाच्या सकाळी मोहोर लावली जात असताना त्यांनी तिचा क्रमांक उतरवून घेतला होता आणि तो पेटीवरील क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. मग आक्षेप घेणाऱ्यांच्याच पक्षाचा त्या केंद्रावरील प्रतिनिधी शोधून आणला. त्याच्या वहीतही तोच क्रमांक निघाला. चूक केंद्राध्यक्षाच्या लेखणीची होती. दहा मिनिटांत मोजणी पुन्हा सुरू झाली.

मोहोरेचे बळ तिच्या कागदात किंवा लाखेत नसते, हे मी त्या दिवशी शिकलो. मोहोर लावण्याच्या क्षणी तिचा क्रमांक परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या माणसांच्या हाती पडला होता, यात ते बळ होते.

हा प्रसंग मला तीन दशकांनंतर पुन्हा आठवला तो एका विभागीय चौकशीमुळे. निवृत्तीनंतर अशा काही चौकशांचे काम माझ्याकडे येत असे. या प्रकरणात एका लिपिकावर लाच मागितल्याचा आरोप होता आणि मुख्य पुरावा होता पेन ड्राइव्हमधील एका ध्वनिमुद्रणाचा. सादरकर्त्या अधिकाऱ्याने सोबत एक प्रमाणपत्र जोडले होते. त्यावर चौसष्ट अक्षरांची एक निरर्थक भासणारी ओळ छापलेली होती. तंत्रज्ञाने माझ्यासमोर संगणकावर तीच ओळ पुन्हा काढून दाखवली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरे जुळली. सादरकर्त्या अधिकाऱ्याने समाधानाने फाइल मिटली. अपचारी लिपिक तोवर गप्प होता. त्याने एवढेच विचारले, ‘‘साहेब, हा आकडा कोणत्या तारखेला काढला?’’

कागदपत्रे पुन्हा उघडली. ध्वनिमुद्रण होते त्या तारखेपासून अकरा महिन्यांनी तो आकडा काढला गेला होता. मधल्या काळात ती फाइल कोणाच्या मोबाइलमध्ये होती, कोणत्या संगणकावर गेली, कोणी ऐकली, याची एका ओळीचीही नोंद नव्हती. मोहोर शाबूत होती. पण ती लागली होती अकरा महिने उघड्या राहिलेल्या पेटीला.

या ओळीला संगणकशास्त्रात ‘हॅश’ म्हणतात. संगणकातील कोणतीही फाइल, मग ते एका ओळीचे पत्र असो की दोन तासांचे चित्रमुद्रण, एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून गेली की तिच्यातून निश्चित लांबीची एक ओळ बाहेर पडते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते, एसएचए-१ मध्ये चाळीस, तर एमडी-५ मध्ये बत्तीस. चिन्हे म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे. तीच फाइल दिली तर दरवेळी तीच ओळ मिळते. पत्रातला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी संपूर्ण ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. या ओळीवरून मूळ पत्र परत उभे करता येत नाही. हॅशला म्हणूनच फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणतात. मला ही उपमा थोडी फसवी वाटते. ठशावरून माणूस कोण ते सांगता येते. हॅशवरून फाइल कोणी तयार केली हे कधीच सांगता येत नाही. तो ठसा नव्हे, मोहोर आहे.

ही तांत्रिक बाब आता कायद्याच्या केंद्रस्थानी आली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे पुराव्याच्या जुन्या कायद्यात ‘६५ ब’ हे कलम आले आणि संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. ते प्रमाणपत्र अनिवार्य की ऐच्छिक, यावर न्यायालयांची मते अनेक वर्षे बदलत राहिली. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरण न्यायालयासमोर नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, असे स्पष्ट केले. तो वाद जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतला होता; उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रणावरून ठरवायचे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीतच दिलेला आहे. त्याचा पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. दोन्ही भागांत हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे नमूद करावे लागते. जुन्या कायद्यात हॅशची अशी सक्ती नव्हती, त्यामुळे हे निःसंशय पुढचे पाऊल आहे. पण या मोहोरेला काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, याची स्पष्ट जाण तपास अधिकारी, वकील, चौकशी अधिकारी आणि न्यायाधीश या सर्वांना असल्याशिवाय ते पाऊल भलत्याच दिशेला पडू शकते.

पहिली मर्यादा काळाची आहे. हॅश काढल्याच्या क्षणापासून पुढे फाइल बदललेली नाही, एवढेच तो सांगतो. त्या क्षणापूर्वी काय घडले, याबद्दल तो मूक असतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ आठवते. राक्षसाची मुद्रांकित अंगठी चाणक्याच्या हेराला सापडते. चाणक्य युक्तीने शकटदासाकडूनच एक पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ती मुद्रा उमटवतो. हस्ताक्षर खरे, मुद्रा खरी. कपट मात्र मजकुरात आणि तो लिहवून घेणाऱ्याच्या हेतूत. त्या मुद्रेची कितीही कसून तपासणी केली असती, तरी ती अस्सलच ठरली असती. राक्षसाचा घात खोट्या मुद्रेने झाला नाही, खऱ्या मुद्रेवरील आंधळ्या विश्वासाने झाला.

आजच्या काळातही हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने बचाव पक्षासाठी तयार केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रकाशात आलेल्या अहवालात असा दावा केला की, एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जप्तीच्या आधीच बाहेरून शिरकाव करून दस्तऐवज ठेवले गेले होते. तपास यंत्रणेने तो दावा मान्य केलेला नाही आणि त्याचा निवाडा न्यायालयानेच करायचा आहे. त्यातील गुणदोषांत मी शिरत नाही. माझा मुद्दा इतकाच की, अशा वादात जप्तीच्या वेळी काढलेला हॅश निर्दोष असला तरी त्याने वाद मिटत नाही, कारण वादच मुळी जप्तीपूर्वीच्या काळाचा आहे.

दुसरी मर्यादा मोहोरेच्या झिजण्याची आहे. जगात फाइली अगणित असू शकतात. हॅश मात्र मर्यादित. एसएचए-२५६ मध्ये ती मर्यादा अठ्ठ्याहत्तर अंकी संख्येची असली, तरी मर्यादा ती मर्यादाच. त्यामुळे दोन भिन्न फाइलींचा हॅश एकच येणे तत्त्वतः अटळ आहे. प्रश्न असतो तो अशी जोडी मुद्दाम शोधून काढणे व्यवहारात शक्य आहे का, याचा. एमडी-५ ही पद्धत रॉन रिव्हेस्ट यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तयार केली. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात अशी जोडी शोधून दाखवली. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या संगणक प्रणालीने याच उणिवेचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र वापरल्याचे निष्पन्न झाले. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एसएचए-१ चा हॅश समान असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, ३१ डिसेंबर २०३० पर्यंत एसएचए-१ चा वापर पूर्णपणे थांबवण्याचे ठरवले आहे. भारतातील डिजिटल स्वाक्षरीच्या व्यवस्थेने तर २०१२ पासूनच एसएचए-२ या नव्या पिढीचा स्वीकार केला. एसएचए-२५६ ही त्याच पिढीतली.

असे असताना २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या नमुन्यात निवडीसाठी छापलेली तीन नावे आहेत एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५. चौथा पर्याय ‘अन्य’. गंमत अशी की, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ३ मध्ये हॅशची जी व्याख्या आहे, तिच्यात दोन भिन्न नोंदींपासून एकच हॅश मिळवणे संगणकीयदृष्ट्या अशक्यप्राय असले पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. २००० मधील संसदेने घातलेल्या त्या कसोटीवर एमडी-५ आज हॅश म्हणून उभीच राहत नाही. आपल्याच एका कायद्याने नापास केलेली मोहोर आपल्याच दुसऱ्या कायद्याने टेबलावर मांडून ठेवली आहे.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. तेवीस माणसांच्या समूहात कोणत्या तरी दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. पण तुमच्याच जन्मदिवसाचा दुसरा माणूस त्या तेविसांत सापडणे फार दुर्मीळ. हॅशचेही तसेच आहे. समान हॅशच्या कोणत्या तरी दोन फाइली आधीच बेतून तयार करणे आज एमडी-५ मध्ये सोपे आहे. पण पोलिसांनी पाच वर्षांपूर्वी जप्त केलेल्या आणि तेव्हाच हॅश नोंदवलेल्या हार्ड डिस्कशी जुळणारी दुसरी बनावट डिस्क नंतर तयार करणे अजूनही व्यवहारात शक्य झालेले नाही. म्हणजे जुन्या खटल्यांतील एमडी-५ चे सगळे पुरावे रद्दी ठरत नाहीत. धोका तेथे आहे, जेथे फाइल तयार करणारा आणि तिचा हॅश सादर करणारा एकच पक्ष असतो. दोन मजकूर आधीच बेतून ठेवायचे, एकावर मोहोर घ्यायची आणि पुढे सोयीने दुसरा काढायचा, हे त्यालाच जमू शकते.

तिसरी मर्यादा उलट्या बाजूची आहे. हॅश न जुळणे म्हणजे खोटेपणा सिद्ध होणे नव्हे. चालू मोबाइल फोन स्वतःच सतत काही ना काही लिहीत असतो. आज काढलेल्या त्याच्या प्रतीचा आणि उद्या काढलेल्या प्रतीचा हॅश सहसा वेगळा येतो. चित्रफीत व्हॉट्सॲपवरून पाठवली की ती आकुंचित होते. डोळ्यांना तेच दृश्य दिसते, हॅश मात्र बदलतो. कालाहांडीपासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही न्यायालयात केवळ हॅश जुळला नाही म्हणून खरा पुरावा बाद झाला, तर तोही अन्यायच. १९८९ च्या त्या टेबलावरही क्रमांक जुळला नव्हता. पण पेटी खरी होती.

चौथी मर्यादा पुराव्याशी नव्हे, नागरिकांच्या गोपनीयतेशी निगडित आहे. एका बैठकीत मी असा प्रस्ताव ऐकला की, लाभार्थ्यांची यादी संशोधकांना देताना मोबाइल आणि आधार क्रमांकांच्या जागी त्यांचे हॅश द्यावेत. हॅशवरून मूळ क्रमांक काढता येत नसल्याने ओळख गुप्त राहील. हे वाक्य दीर्घ पत्राबाबत खरे आहे, दहा अंकी क्रमांकाबाबत नाही. भारतातील मोबाइल क्रमांक सहा ते नऊ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्य असलेले सगळे क्रमांक ४०० कोटींच्या आत येतात. आधार क्रमांक शून्य किंवा एकने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. त्यामुळे शक्यता उरतात ८,००० कोटी. आजचे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढते. सगळ्या क्रमांकांचे हॅश काढून यादीशी ताडून पाहायचे, की काही सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत मूळ क्रमांक हाती येतात. न्यूयॉर्कमधील टॅक्सींच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची माहिती वाहनांचे क्रमांक एमडी-५ ने झाकून प्रसृत झाली होती. २०१४ मध्ये ते झाकण याच रीतीने उडाले. कुलूप कितीही भक्कम असले, तरी चाव्याच मोजक्या असतील तर चोर प्रत्येक चावी लावून पाहणारच.

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. अनुसूचीतील नमुन्यातून एमडी-५ आणि एसएचए-१ ही नावे वगळावीत. तोवर उच्च न्यायालयांनी आणि गृह विभागांनी नव्या पुराव्यांसाठी किमान एसएचए-२५६ चा आग्रह धरावा. दुसरे, नमुन्यात स्वाक्षरीची तारीख, वेळ आणि स्थळ लिहायचे असते. हॅश नेमका केव्हा आणि कोणासमोर काढला, यासाठी स्वतंत्र रकाना नाही. तो हवा, कारण सारा प्रश्न त्याच वेळेचा आहे. तिसरे, हॅश हा मुद्देमालासोबत त्याच पाकिटात ठेवून उपयोगाचा नाही. ज्याच्या हाती फाइल आहे त्याच्याच हाती हॅशची एकमेव नोंद असेल, तर तो फाइलही बदलू शकतो आणि नोंदही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रमुद्रण बंधनकारक करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्यास सांगितले आहे. त्याच प्रवासात हॅशलाही जागा द्यावी. तो पंचनाम्यात लिहावा, पंचांनी त्यावर सही करावी, एक प्रत ज्याच्याकडून जप्ती झाली त्याला तेथेच द्यावी आणि एक त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांकडे जावी. चौथे, लहान क्रमांकांचा हॅश म्हणजे निनावीकरण नव्हे, हे सर्व विभागांना लेखी कळवावे.

पोलीस ठाण्यांत माणसे कमी, उपकरणे जुनी, न्यायवैद्यक प्रयोगशाळांसमोर रांगा, ही अडचण खरी आहे आणि जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्या कोणालाही ती सांगावी लागत नाही. पण मी सुचवतो आहे त्यातील बहुतेक गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही. चौसष्ट चिन्हांची ओळ एका कागदावर छापून चौघांच्या हाती देणे, एवढेच त्यात आहे. १९८९ मध्ये निरक्षरतेचे प्रमाण मोठे असलेल्या भागातही आम्ही प्रत्येक केंद्रावर ते करत होतो.

त्या चौकशीच्या अहवालात मी असे नोंदवले की, ध्वनिमुद्रणाचा हॅश फक्त त्याच्या तारखेनंतरची अखंडता दाखवतो आणि त्यापूर्वीच्या अकरा महिन्यांसाठी अन्य आधार नाही. उरलेला पुरावा दोषारोप टिकण्याइतका नव्हता. लिपिक सुटला. त्याने लाच मागितली होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही आणि ही रुखरुख मनात आहे. तो दोषी असेल, तर पहिल्याच दिवशी दोन मिनिटांचे काम न केल्याने तो सुटला. तो निर्दोष असेल, तर केवळ योग्य प्रश्न विचारण्याचे भान राहिले म्हणून वाचला. दोन्ही शक्यता राज्यव्यवस्थेला भूषणावह नाहीत. त्याने विचारलेला प्रश्न छापील नमुन्यातच असता, तर त्याला तो विचारावा लागला नसता.